ती चाळीस मशिनं, दिलीप

दिलीप,

तुझ्या रक्षाविसर्जनाला मी कुठं उभी राहावं, हे मला कुणी सांगितलं नाही. कुरुंदवाडच्या घाटावर एका बाजूला बायका होत्या, वहिनींच्या भोवती, तुमच्या भावकीतल्या. दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि त्यांच्या मागं आपल्या कारखान्यातली माणसं. मी बावीस वर्षं तुझी भागीदार. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून धरलं तर ओळख अठ्ठावीस वर्षांची. पण भागीदार ही काही नात्यातली पायरी नव्हे. शेवटी मी लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या तिथं जाऊन उभी राहिले. चपला राखायला कुणीतरी लागतंच की, असं तूच म्हणाला असतास.

कावळा येत नव्हता. तुझ्या आवडीचं सगळं मांडलं होतं, भजी, कपबशीत चहा, डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबीसुद्धा. चार कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. तुझा भाऊ हात जोडून म्हणाला, शेताची काळजी करू नको. वहिनी म्हणाल्या, पोरीचं शिक्षण थांबवणार नाही. कावळे हलले नाहीत. मग तुझे चुलते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "मॅडम, कारखान्याचं काय ऱ्हायलंय का त्याचं? असलं तर बोला." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. काय राहिलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, तसं काही नाही. आणखी थोडा वेळ वाट बघून नैवेद्य गाईला दिला आणि लोक पांगले.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. तुझाही नव्हता. पण तुझ्यासमोर उभं राहून, चारचौघांत, मी खोटं बोलले. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपल्या टेबलावर अजून समोरासमोर दोन खुर्च्या आहेत. तुझी खुर्ची हलवायची का, असं शोभाताईंनी एकदा विचारलं. मी अंगावर गेले त्यांच्या. बिचाऱ्या आपल्याकडं पहिलं मशीन जोडलं तेव्हापासून आहेत, परत केबली सोलत बसल्या. दुपारी डबा उघडते तेव्हा भाजीला नावं ठेवणारं कुणी नसतं. "मास्तरांच्या घरात मीठ परवडत न्हाय काय गं?" हे मी अठ्ठावीस वर्षं ऐकलं. बाबा जाऊन दहा वर्षं झाली, घरात मी एकटीच, तरी तुझ्या लेखी ते मास्तरांचंच घर आणि मी मास्तरीण. आता भाजी मी मुकाट्यानं खाते. खरंच अळणी असते रे.

आपण फॅट मशीन करायला लागलो तेव्हा आपल्याला एवढंच ठाऊक होतं, की दुधाची फॅट बरोबर लागली पाहिजे. गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, आणि आपल्या मशीनवर एक आकडा उमटतो. त्या आकड्यावर दुधाचा दर ठरतो, त्यावरून भांडणं होतात, म्हणून आकडा चोख हवा. मग मोठ्या दूध संघानं अट घातली, ईएमसीचं सर्टिफिकेट असलेलंच मशीन घेऊ. मी आठवडाभर ती जाडजूड कागदपत्रं वाचली आणि कारखान्यात सगळ्यांना बसवून विद्युतचुंबकीय सुसंगततेवर व्याख्यान दिलं. वडिलांचं रक्त, दुसरं काय. माझं संपल्यावर शोभाताई हळूच तुला म्हणाल्या, मला काही कळलं नाही. तू म्हणालास, "सोपं हाय वो. आपल्या मशीननं शेजारच्या मशीनला तरास द्यायचा न्हाय, आन् शेजारच्यानं दिला तर बिघडायचं न्हाय. शेजारधर्म म्हणा की." माझा आठवडा तू तीन वाक्यांत उरकलास. मला राग आला होता आणि तुझं बरोबर होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तासावर पैसे जातात, म्हणून तू आधी घरच्या घरी परीक्षा घ्यायचास. तुझ्या वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर मशीनभोवती फिरवायचास. जिथं खरखर वाढेल तिथून मशीन बाहेर काहीतरी सोडतंय. वहिनींचा गॅसचा लायटर आणून मशीनच्या बटनांजवळ ठिणग्या पाडायचास. आकडे गडबडले तर नापास. दिवसभर लायटरशिवाय वहिनींचा खोळंबा व्हायचा. शेजारी फॅब्रिकेशनवाल्याचं वेल्डिंग सुरू झालं की आपण दोघं काम टाकून आपल्या मशीनपाशी धावायचो, फुकटची टेस्ट मिळतेय म्हणून. तेव्हा आपण किती हसायचो, दिलीप. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं बरंचसं हसू त्याच शेडमध्ये खर्च झालंय.

आणि तरी पुण्यात आपण पहिल्यांदा नापास झालो. ती खोली तुला आवडली नव्हती. भिंतींना, छताला सगळीकडं काळे सुळके, आत बोललं तर आपलाच आवाज परका वाटावा अशी. मशीन आत लाकडी टेबलावर ठेवायचं, जाड दार लावायचं आणि बाहेर पडद्यावर बघत बसायचं. आपलं मशीन बाहेर किती त्रास सोडतंय त्याची रेषा मर्यादेच्या वर जात होती. दोन तास काही केल्या खाली येईना. मग तू आत जाऊन केबल सरळ करत होतास, दार अजून उघडंच होतं, आणि पडद्यावर मला दिसलं की रेषा पडली. तू हात काढलास, रेषा वर. पुन्हा धरलास, खाली. तिथला इंजिनिअर परप्रांतातला, अगदी शिस्तीचा. तू त्याला म्हणालास, "पावणं, माझा हात धरून पास करा की. दर मशीनसोबत मी जातो." तो हसला, पण पास केलं नाही.

तुझ्या हातानं जे काम केलं तेच काम करणारी वस्तू मग त्यानंच आणून दिली. केबलीवर बसवायचा काळा मणी, दोन फाकांचा, चिमटून बंद होणारा. तो बसवला आणि आपण पास झालो. परतीच्या वाटेवर तू त्या मणीवाल्या केबलीचा डबा, वाडवडलांचा ठेवा असल्यासारखा, मांडीवर घेऊन बसला होतास. तेव्हापासून आपल्या प्रत्येक मशीनवर तो मणी, आणि प्रत्येक मशीनसोबत एक कागद, हे मशीन तपासलेल्या नमुन्याप्रमाणेच आहे असा. खाली माझी सही. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

गेल्या नवरात्रात तुझ्या हृदयात दोन स्टेंट घातले. तू घरी पडून होतास आणि दिवाळीच्या आधी संघाला चाळीस मशिनं द्यायची होती. मणी येईनात. वितरक रोज उद्या म्हणायचा. गावोगावचे सेक्रेटरी फोन करत होते. मी एका मशीनचा मणी काढून बघितला, मशीन झकास चाललं. फॅट तीच, आकडे तेच. मी मनात म्हटलं, खेड्यातल्या संस्थेत अर्थिंगचा पत्ता नसतो, तिथं हा मणी काय मोठं करणार आहे. चाळीस मशिनं तशीच पाठवली. चाळीस कागदांवर सही केली. तुला सांगितलं नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरं होतं. तू नको म्हणशील हे मला माहीत होतं.

थंडीत तू कामावर यायला लागलास आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यातलं एक मशीन पंप बिघडला म्हणून परत आलं. तू ते उघडलंस. केबल हातात धरून माझ्यासमोर आलास. मणी कुठाय, एवढंच विचारलंस. मी सगळं सांगितलं, वितरक, दिवाळी, फोन, सगळं. तू म्हणालास, चाळीसही गावांत जाऊन बसवू या. मी म्हटलं, वेड लागलंय का? गावात जाऊन काय सांगायचं, आम्ही फसवलं म्हणून? संघाला कळलं तर सर्टिफिकेट गेलं, नाव गेलं.

"पास झालं ते मशीन येगळं, आन् इकलं ते येगळं," तू म्हणालास. "खाली सही तुझी हाय, मास्तरीण."

"तक्रार आलीय का एक तरी?" मी विचारलं. चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं विचारलं.

तू केबल गुंडाळून टेबलावर ठेवलीस आणि हात धुवायला गेलास. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मणी जानेवारीत आले, नव्या मशिनांवर बसू लागले, आपण पहिल्यासारखं बोलू लागलो. मला वाटलं, तुला पटलं. खरं सांगते, मला वाटलं मी जिंकले. फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, सकाळी अंघोळीला गेलास तो बाहेर आला नाहीस.

घाटावरून आल्यावर तीन आठवडे मी रोज कारखान्यात जाऊन रोजचंच काम केलं. मग एके दिवशी मण्यांचं खोकं गाडीत टाकलं, यादी घेतली आणि गारगोटीच्या बाजूला निघाले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. सर्व्हिसिंगला आले, असंच सांगू, म्हटलं.

पहिल्याच गावात आपलं मशीन टेबलावर होतं, आणि वजनकाटा पार पलीकडं, खिडकीपाशी. लोक दारातून येऊन आधी खिडकीकडं जात होते, वजन करून परत टेबलाकडं येत होते. एक म्हातारा लंगडत भरलेली किटली इकडून तिकडं नेत होता. मी वजन घेणाऱ्या बाईंना विचारलं, काटा तिकडं का ठेवलाय? त्या म्हणाल्या, "नवीन मशीन आलं तवापासनं काटा नाचत हुता वो मॅडम. शेवटचा आकडा थिर व्हईना. मग खिडकीपाशी नेला, थांबला."

मी विचारलं, तक्रार का नाही केली?

"कशापायी? आमचा काटाच म्हातारा झालाय म्हटलं."

मी मणी बसवला. पाच मिनिटांचं काम होतं, बोलत बोलत केलं. काटा पुन्हा मशीनशेजारी आणून ठेवला आणि त्या लंगड्या म्हाताऱ्याची किटली त्यावर ठेवली. आकडा जागचा हलला नाही. दिवाळीपासून चैत्रापर्यंत त्या गावानं आपलं मशीन नीट चालावं म्हणून रोज दोन वेळा जास्तीची पायपीट केली होती, आणि दोष स्वतःच्या काट्याला दिला होता. तक्रार आलीय का एक तरी, दिलीप? नाही आली. हे तुला सांगावं म्हणून मी बाहेर येऊन खिशातून मोबाईल काढला आणि सवयीनं तुझा नंबर लावला. तिकडून वहिनींनी उचलला. त्यांनी विचारलं, "जेवलासा काय?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

त्यानंतर आठ गावं झाली. दोन ठिकाणी काटा हलवलेला, एका ठिकाणी वाऱ्यानं काटा हलतो असं समजून पंखा बंद ठेवायचा नियम केलेला, बाकी ठिकाणी काहीच नाही. सगळीकडं मी सर्व्हिसिंगलाच आले होते. लोकांनी चहा पाजला, दुधाची बाटली भरून दिली. मी घेत राहिले.

परवा नेसरीकडं गेले. संध्याकाळची दूधवेळ अजून व्हायची होती. तिथले सेक्रेटरी म्हातारे आहेत, टोपीवाले. मी पिशवीतून मणी काढलेला बघून ते म्हणाले, "आणि कशाला? दिलीपराव बसवून गेलते की."

मला वाटलं ते दुसऱ्या कशाबद्दल बोलतायत. मी वाकून मशीनमागं बघितलं. मणी होता. वर तुझ्या पद्धतीनं पट्टी आवळून टोक कापलेलं.

कधी आले होते, मी विचारलं. ते म्हणाले, "माघात. फटफटीवरनं आलते. दम लागलाता त्यास्नी, भाईर कट्ट्यावर बसलेते जरा. च्या पण बिनसाखरेचा घेतला. म्हणाले, मॅडमना चूक घावली, त्यांनीच पाठवलंय. लई बारीक नजर हाय म्हणाले मॅडमची." मग त्यांनी हसत विचारलं, दिलीपराव कसे आहेत आता? मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी काहीतरी बोलून उठले.

गावाबाहेर गाडी थांबवून मी यादीवरच्या पुढच्या चार संस्थांना फोन लावला. चारही ठिकाणी तू जाऊन आला होतास. चारही ठिकाणी मॅडमनी पाठवलं होतं. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, रविवारी कारखान्यात काम आहे म्हणून जायचे. डॉक्टरांनी तुला जिना चढायला बंदी केली होती, दिलीप, आणि तू घाटाचे रस्ते मोटारसायकलवर पालथे घालत होतास.

मला तुझा इतका राग आला की स्टेअरिंग धरून मी ओरडले. मला सांगायचंस ना. मी गाडी काढली असती, तुला शेजारी बसवून नेलं असतं, शिव्या देत नेलं असतं, पण नेलं असतं. असं मी ओरडत होते आणि त्याच वेळी मला कळत होतं की हे खरं नाही. तू सांगितलं असतंस तर मी पुन्हा विचारलं असतं, तक्रार आलीय का? हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू एकटा गेलास. आणि गेलास तो गेलास, वर माझं नाव राखलंस. माझी चूक गावोगाव माझ्या हुशारीच्या नावावर जमा करून आलास. असले उपकार करून ठेवणारा माणूस दुसरा मला भेटणार नाही, आणि भेटला तर मला तो सोसायचा नाही. ते रविवार नसते तर तू आज असतास का, हे मी डॉक्टरांना विचारणार होते. अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.

मी गाडी वळवली. नेसरीत परत पोहोचले तेव्हा दूधवेळ सुरू झाली होती. रांग दाराबाहेर गेलेली, सेक्रेटरी चष्मा लावून आकडे वाचत होते. मला बघून त्यांना वाटलं काही विसरलं असेल. मी रांगेच्या कडेनं टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मघाशी बोलायचं राहिलं. दिलीपरावांनी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. चूक मला सापडली नव्हती. चूक माझीच होती, मी जाणूनबुजून केली होती. सापडली ती त्यांना."

किटली धरून उभ्या असलेल्या एका बाईनं मान वर केली, आणि पुन्हा काट्याकडं बघायला लागली. सेक्रेटरींनी चष्मा काढला. "बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे त्यास्नी बोलला होतासा काय?"

"नाही," मी म्हटलं. "राहिलं."